सेटल म्हणजे बसवणे

२० एप्रिल, रविवार. आज कुरडयांचा गहू वाटून चीक काढायचा.

तीन दिवस पाणी बदलत भिजवलेला गहू सकाळी उघडला तेव्हा त्याला हवा तेवढा आंबूस वास आला होता. दाणा बोटात दाबला की पांढरा चीक बाहेर येत होता. तो वाटून घेतला, मोठ्या पातेल्याच्या तोंडाला सुती फडकं बांधलं आणि चोथा पिळायला बसले. हे काम एकदा सुरू केलं की मध्ये उठता येत नाही. हात कोपरापर्यंत भरतात आणि जिथं लागतील तिथं पांढरे ठसे उठतात. नेमका तेव्हाच फोन वाजायला लागला. दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी करंगळीनं तो चालू केला आणि फरशीवर ठेवूनच बोलले.

फोन तुळजापूरहून होता. माझ्या भावाच्या मुलीचं तिकडं लग्न ठरत आलं आहे आणि बोलत होत्या त्या मुलाच्या आई. आधी उन्हाची चौकशी झाली, कुरडयांची झाली. तुमच्याकडचा गहू चांगला पडतो, असंही म्हणून झालं. मग त्यांनी विचारलं, "ताई, मुलगी राजीनामा कधी देतेय? एक महिना आधी द्यावा लागतो म्हणे. लग्नाआधी सगळं मोकळं झालेलं बरं."

मी विचारलं, कसला राजीनामा.

"अहो, नोकरीचा. कुंकवाच्या दिवशी ठरलंच ना सगळ्यांसमोर. तुमच्या भावानंच शब्द दिला, की लग्नाआधी सेटल करून देतो म्हणून."

मी भावाशी बोलून कळवते, असं सांगितलं आणि फोन बंद केला. फोनवर चिकाचे डाग पडले होते. ते पुसत बसले नाही. उरलेला चोथा पिळला, आणि नेहमीपेक्षा जास्तच जोरात पिळला असावा, कारण फडकं एका बाजूनं उसवलं.

भाची माझ्याकडं भूममध्ये राहते. नवरा गेल्यापासून मी इथं एकटीच होते. इथल्या शाळेत इंग्रजी शिकवते. भाचीला ईट गावाच्या पुढं एका खेड्यात जनावरांच्या दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा तिनं माझ्याकडून ये-जा करायची असं ठरलं. तिथं ती पशुधन पर्यवेक्षक आहे. गाईम्हशींना लस टोचते, कृत्रिम रेतन करते, अडलेलं वासरू बाहेर काढते. सुरुवातीला लोक तिला दारात बघून विचारायचे, साहेब कुठं आहेत. ती म्हणायची, साहेब सुट्टीवर आहेत, जनावर मला दाखवा. असा एकही साहेब तिथं नव्हता. आता गोठ्यात ती पोचली की लोक आधी गरम पाणी आणि साबण काढून ठेवतात. तिचं कौतुक मी याहून वेगळं काही करणार नाही.

कुंकवाचा कार्यक्रम भावाच्या घरी झाला होता. मुलगा सोलापूरला बँकेत आहे, तुळजापूरहून रोज जातो-येतो. दिसायला नीट, बोलायला मऊ. वडील तहसिलीत कारकून होते, आता निवृत्त आहेत. भाचीला त्यांनी आणलेली साडी नेसवली, कुंकू लावलं, पेढे वाटले. मी आतल्या खोलीत पोह्यांवर होते. बाहेर काय बोलणं झालं ते नंतर भावजयीकडून कळलं. मुलाचे वडील म्हणाले होते, "मुलीच्या नोकरीचं तेवढं लग्नाआधी सेटल करा." आणि माझा भाऊ म्हणाला होता, "त्याची काळजीच सोडा. लगीन व्हायच्या आत सेटल करून देतो." दोन्हीकडच्यांना इतकं बरं वाटलं की पुन्हा एकदा पेढे फिरवले.

मला तेव्हाही ते ऐकून बरंच वाटलं होतं. भूम ते तुळजापूर काही रोज करण्यासारखा प्रवास नाही. म्हणजे बदलीचं बोलणं झालं, असं मी धरलं. भावानंही तेच धरलं होतं. आमच्याकडं सरकारी कामाला 'सेटल करणे' म्हणतात ते याच अर्थानं. ओळख काढायची, साहेबाला भेटायचं, काम मार्गी लावायचं. तुळजापूरच्या माणसांनी त्याच शब्दाचा अर्थ घेतला, नोकरी संपवायची. दोन माणसांनी एका इंग्रजी क्रियापदाला होकार दिला आणि दोघं वेगवेगळं ठरवून उठले. मराठीत बोलले असते तर हे झालं नसतं. "सोडायची का" आणि "बदली करून घ्यायची का" यांत पेढे खाताखाता गोंधळ होत नाही.

आणि हे दोघंही मराठीच माणसं. एकाचं इंग्रजी दहावीला अडलेलं, दुसऱ्याचं सरकारी कागदावर वाढलेलं.

चीक गाळून पातेलं कोपऱ्यात ठेवलं. आता त्याला हात लावायचा नाही. जड भाग रात्रभरात तळाशी बसतो, वर पाणी निवळतं, सकाळी ते पाणी ओतून द्यायचं. इंग्रजीत या बसण्याला सेटल होणे म्हणतात. मी दरवर्षी मुलांना शिकवताना हेच उदाहरण देते, कारण गढूळ पाणी सगळ्यांनी पाहिलेलं असतं. हात धुतले आणि कपाटातला जाड शब्दकोश काढला. त्याची पाठ निघाली आहे, ती मी दोऱ्यानं शिवली आहे.

शब्दाचा राग आला की मी त्याचं मूळ बघते. माणसावर रागावण्याआधी हे केलेलं बरं असतं, निदान बोलताना नेमकं बोलता येतं.

सेटल या क्रियापदाचं मूळ बसायच्या जागेत आहे. जुन्या इंग्रजीत याच शब्दाचा अर्थ आसन असा होता, आणि उंच पाठीच्या लाकडी बाकाला इंग्रजीत आजही तेच नाव आहे. त्यावरून क्रियापद झालं, म्हणजे जागेवर बसवणे. मग गाळ बसला, धूळ बसली, पक्षी फांदीवर बसला, माणसं एका गावात बसली, सगळ्याला तोच शब्द लागला. दुसऱ्याच्या देशात जाऊन त्याच्या जमिनीवर बसणारेही त्यातच आले. याशिवाय तंटा मिटवणे, समेट करणे असा अर्थ असलेलं वेगळंच एक जुनं क्रियापद होतं. कानाला ते जवळचं वाटायचं. बोलताबोलता ते यात मिसळून गेलं. म्हणून इंग्रजीत भांडणही सेटल होतं. म्हणजे एका शब्दाच्या पोटात दोन शब्द आहेत. एक बसवतो आणि एक मिटवतो. मिटवायचं तर निदान दोन बाजू लागतात, दोघांना विचारावं लागतं. बसवायला विचारावं लागत नाही.

आपल्याकडं आलेला शब्द बहुतेक बसवणाराच आहे.

आपल्या बसण्याचे अर्थही काही कमी नाहीत. संसाराची घडी बसते, धंद्यात जम बसतो, घरात गणपती बसतो, नवरात्रात घट बसतात. पण घसाही बसतो. दुकान चालेनासं झालं की धंदा बसला म्हणतात. आणि शाळेतून काढलेल्या मुलीला घरी बसवली म्हणतात. माझ्या वर्गातल्या किती मुली अशा बसल्या ते मी मोजलेलं नाही. विचारायला घरी गेलं की पूर्वी आया स्पष्ट सांगायच्या, आता घरीच बसवलीय बाई, वय झालं तिचं. अलीकडं तसं कुणी म्हणत नाही. आता आई हसून सांगते, मॅडम, तिचं सेटल करायचं चाललंय. मुलगी तीच असते, वयही तेच. शब्द मात्र धुतलेला.

पूर्वी मुलगी उजवली म्हणायचे, उरकली म्हणायचे. ऐकायला वाईट होतं, पण कोण काय करतंय ते कळायचं. मी व्याकरण शिकवते, म्हणून मला हे जास्त खुपत असेल. मुलाबद्दल बोलताना हे क्रियापद अकर्मक असतं. तो सेटल झाला. म्हणजे त्यानं स्वतः काहीतरी केलं, नोकरी मिळवली, दोन खोल्या बांधल्या. मुलीबद्दल बोलताना ते सकर्मक होतं. तिला सेटल केली. करणारे दुसरे आणि ती कर्म. मुलगा सेटल झाला म्हणजे त्याचा पगार सुरू झाला. मुलगी सेटल केली म्हणजे तिचा बंद झाला. एवढा उलटा अर्थ एका शब्दाला आहे आणि स्थळ सांगणारे तो शब्द एकाच वाक्यात दोन्हीकडं वापरतात.

माझ्यावरही तो वापरून झाला आहे. नवरा गेला त्या वर्षी दोन्हीकडचे नातेवाईक बसले आणि मी कुठं सेटल व्हावं याची चर्चा केली. सासरचे म्हणाले गावी, माहेरचे म्हणाले माहेरी. मी चहा देत होते. माझी शाळा भूममध्ये होती, भाड्याचं घर भूममध्ये होतं, भांडी इथंच होती. मी म्हणाले, मी आहे तिथं आहे. त्यावर एक काका म्हणाले, ते खरं गं, पण सेटल कुठं होणार. मी कप गोळा केले.

सोलापुरात एका वस्तीला जुनी माणसं अजून सेटलमेंट म्हणतात. इंग्रजांनी काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या होत्या. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवायचे, हजेरी घ्यायचे, परवानगीशिवाय बाहेर सोडायचे नाहीत. त्या कोंडण्याचं सरकारी नाव सेटलमेंट होतं. फिरत्या माणसांना एका जागी बसवणं म्हणजे त्यांचं भलं करणं, असं ते लिहीत. हा शब्द इकडच्या मातीत तेव्हापासून आहे. मी लहानपणी सोलापूरला गेल्यावर बसच्या कंडक्टरच्या तोंडून तो ऐकायची आणि मला वाटायचं, काहीतरी चांगली नवी कॉलनी असेल.

दुपारी भाऊ आणि भावजय आले. भावजय दरवर्षी कुरडया घालायला येते, पहाटे लवकर लागायचं म्हणून आदल्या दिवशी मुक्कामाला येते. भाऊ तिला सोडून परत जाणार होता. मी त्याला पाणी दिलं आणि तुळजापूरचा फोन सांगितला.

तो आधी हसला. त्याला वाटलं मी गंमत करते. मग म्हणाला, "अक्का, म्या नोकरी सोडायचं कवा म्हणलो? म्या बदलीचं म्हणलो. धाराशिवला जाऊन साहेबाला भेटून पण आलो. साहेब म्हणले, होईल सेटल."

मी म्हणाले, साहेब काय म्हणाले ते ठेव. तू त्यांना काय म्हणालास?

"सेटल करतो म्हणलो."

"आणि त्यांनी काय ऐकलं?"

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. माझा भाऊ वाईट माणूस नाही. मुलीला डेअरीचा कोर्स करायचा का जनावरांचा, हे त्यानं तिला विचारलं होतं. गावात हे सगळेच करत नाहीत. पण चार माणसांत तोंडातून शब्द गेला याचं ओझं त्याला मुलीच्या नोकरीपेक्षा जड वाटायला लागलं, हे मला दिसत होतं. तो म्हणाला, आता शब्द गेलाय. माघारी कसा घ्यायचा. त्यांची पण चार माणसं होती.

मी म्हणाले, गेलेला शब्द तुझा नव्हताच, तो इंग्रजांचा होता. तुझा शब्द अजून तुझ्याजवळच आहे.

तो म्हणाला, "तुझी शाळा मला नगं आता."

त्यावर मी खरोखर चिडले. मी त्याला शब्दकोश दाखवायला गेले नव्हते. मी म्हणाले, तिनं राजीनामा दिला तर पुन्हा अशी नोकरी लागणार आहे का? ती बाहेर पडली की तिच्या जागी दुसरा माणूस बसेल. बसेल म्हणजे खरा बसेल, खुर्चीवर. आणि ही कुठं बसणार ते तू सांग, मराठीत सांग. दिवाणावर बसणार की चुलीपुढं बसणार?

भावजय इतका वेळ फडक्याची उसवलेली बाजू टाके घालून नीट करत होती. ती भांडणात पडत नाही. लग्न मोडलं तर लोक काय म्हणतील, हे पहिलं तीच म्हणेल असं मला वाटत होतं आणि ती तेच म्हणाली. कुंकू लागलेलं मोडलं की दुसरं स्थळ येताना आधी त्याची चौकशी होते, वन्सं, तुम्हाला माहीत आहे. मी म्हणाले, माहीत आहे. मग तिनं दोरा दातानं तोडला.

"मला सातवीतनं बसवलं तवा कुणी इंग्रजी बोललं न्हाय," ती म्हणाली. "वडलांनी दप्तर खुंटीला अडकवलं आणि म्हणले, उद्यापासनं घरी बस. म्या लई रडले. पण मला कळलं तरी की बसवलंय. ह्या पोरीला तर कळणार पण न्हाय. ती समजंल आपलं चांगलं झालं."

भाऊ तिच्याकडं बघत राहिला. इतक्या वर्षांत हे त्यानं ऐकलं नव्हतं, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं. कदाचित तिनं सांगितलंच नसेल. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. तिनं फडकं झटकलं आणि दोरीवर वाळत घातलं.

आज भाऊ परत गेला नाही.

संध्याकाळी भाची आली. रविवार असूनही तिला बोलावणं आलं होतं. एका म्हशीचं वासरू आडवं आलं होतं. गाडी लावली, न्हाणीत जाऊन दंडापर्यंत हात धुतले, कपडे बदलले, आणि वासरू आणि म्हैस दोन्ही वाचल्याचं सांगून भाकरी मागितली. तिचं जेवण झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. आधी सांगितलं असतं तर ती उपाशी राहिली असती.

ती ऐकत होती तेव्हा तिच्या तोंडावर मला राग दिसला नाही. तिनं बापाला विचारलं, "पप्पा, तुम्ही माझ्या बदलीसाठी धाराशिवला जाऊन आलात?" तो हो म्हणाला. ती म्हणाली, तेही मला आज कळतंय. भाऊ खाली बघायला लागला. मला त्या वेळी जाणवलं की आम्ही दिवसभर तिच्या नोकरीवर भांडत होतो आणि आमच्यापैकी कुणीही तिला फोन केला नव्हता. मीही नाही.

मुलगा तिला आवडला होता. हे तिनं मला आधीच सांगितलं होतं, लाजतबिजत नाही, जेवताना. आठवड्यातून दोन-तीनदा त्यांचं बोलणं व्हायचं. तिनं त्याला फोन लावला आणि बाहेर न जाता आमच्यासमोर खाटेवर बसून बोलली. आवाज मोठा ठेवला.

तिनं विचारलं, माझ्या नोकरीबद्दल तुमच्या घरी काय ठरलंय. तो म्हणाला, अगं त्याचं काय एवढं, आपण आधी सेटल तर होऊ.

"सेटल म्हणजे काय? मराठीत सांगा."

तो हसला. पुन्हा तिनं तेच विचारलं. मग तो म्हणाला की म्हणजे सुरुवातीला घरचं वातावरण, आईची तब्येत, माझी सोलापूरची धावपळ, तू जरा घरी राहिलीस तर सगळ्यांनाच. वाक्य त्यानं तिथंच सोडलं. ती म्हणाली, सुरुवात म्हणजे किती. तो म्हणाला, ते नंतर ठरवू. ती म्हणाली, मी राजीनामा दिला तर नंतर ठरवायला काही उरत नाही. मी बदली मागून जवळ येईन. बदली होईपर्यंत इथं राहून शनिवारी येत जाईन. तुम्हाला असं चालेल का?

पलीकडं मागं टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

"मी आईला विचारून सांगतो," तो म्हणाला.

"तुम्हाला चालेल का ते मी विचारलं."

"अगं, तू लगेच टोकाला जाऊ नको ना. बसून बोलू."

भाचीच्या तोंडातून हसू निसटलं. ती म्हणाली, "बसायचंच तर नको म्हणतेय मी." त्याला विनोद कळला नाही. तिनं आईला विचारा म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आत्या, उद्या माझं लसीकरण आहे, मला निघता येणार न्हाय. तू साडी घेऊन जातीस का?"

भाऊ म्हणाला, मी जातो. ती म्हणाली, "नको पप्पा. तुम्ही तिथं पुन्हा हो म्हणून याल." तो रागावला नाही. भावजयीनं कुंकवाची साडी माझ्याकडंच ठेवली होती, ती मी कपाटातून काढली आणि पिशवीत घातली. भाचीनं तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि झोपायला गेली. तिला मुलगा आवडला होता, हे मी वर लिहिलं आहे. ते पुन्हा लिहायची गरज नाही.

२१ एप्रिल, सोमवार. सकाळी उजाडायच्या आत पातेलं उघडलं. वरचं पाणी काचेसारखं निवळलं होतं. ते हलक्या हातानं मोरीत ओतलं. तळाला चीक घट्ट बसला होता. चिकाइतकंच पाणी मोजून आधणाला ठेवलं, मीठ घातलं, भावजयीनं धार धरली आणि मी लाकडी दांड्यानं हाटत राहिले. गुठळी होऊ दिली नाही. चीक शिजून चमकायला लागला तेव्हा भाऊ वाटी घेऊन आला. त्याला लहानपणापासून तो गरम चीक साखर घालून लागतो. भाचीनंही उभ्याउभ्या खाल्ला, लशीचा डबा गाडीला बांधला आणि ती गेली. आम्ही गच्चीवर प्लास्टिक अंथरलं, सोऱ्या भरला आणि ऊन चढायच्या आत कुरडया घालून मोकळ्या झालो. कावळ्यांसाठी भावजयीनं काळी ओढणी काठीला बांधली.

मी अंघोळ केली, शाळेत रजा कळवली आणि तुळजापूरची बस धरली. तेरखेड्याला खिडकीची जागा मिळाली. येडशीपर्यंत मी काय बोलायचं ते मनात जुळवलं. ठरवलं एवढंच, की त्यात एकही इंग्रजी शब्द येऊ द्यायचा नाही. मग लक्षात आलं, राजीनाम्याला मराठीत राजीनामाच म्हणतात, बदलीला बदलीच. दोन्ही शब्द निजामाच्या कचेरीतून आलेले असले तरी त्यांचा अर्थ सगळ्यांना एकच कळतो. तेवढं मला पुरेसं होतं.

त्यांनी पाणी दिलं, चहा टाकला. मी चहाआधीच बोलले. मुलगी नोकरी सोडणार नाही. बदली मागेल, मिळेपर्यंत भूमहून काम करेल. हे पटत असेल तर लग्न करू. पटत नसेल तर तसं सांगा.

मुलाचे वडील म्हणाले, "आम्ही कुठं नोकरी सोडा म्हणालो? आम्ही फक्त सेटल करा म्हणालो."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. याचा मला खोट्यापेक्षा जास्त राग आला. मुलगा दाराशी उभा होता, बँकेत जायच्या कपड्यांत, मी येणार कळल्यावर अर्धी रजा टाकून थांबलेला. तो आईकडंच बघत होता.

मुलाच्या आई म्हणाल्या, "मी बालवाडीत शिकवत होते, ताई. लग्नानंतर सोडलं. माझं काय वाईट झालं?"

"ते मला कसं माहीत असणार," मी म्हणाले. "तुम्हालाच माहीत."

 चहा उतू गेल्याचा वास आला, तशा त्या उठून आत गेल्या.

मी पिशवीतून साडी काढली आणि दिवाणावर ठेवली. म्हणाले, ही इथं राहू द्या. नोकरी करणारी सून चालत असेल तर हीच घेऊन भूमला या, आम्ही पुन्हा कुंकू लावून घेऊ. आला नाहीत तर आम्ही समजू. विचार करायला वेळ घ्या, पण मुलानं स्वतः करावा. चहा झाला होता, तो मी पूर्ण प्यायले, कारण नाही म्हटलं असतं तर रागावून गेले असं झालं असतं, आणि मी रागावले होते तरी मला तसं जायचं नव्हतं.

स्टँडवर भूमची बस लागलेली होती. जागा मिळाल्यावर भावजयीला फोन केला आणि वरची बाजू वाळली असेल तर कुरडया उलटायला सांगितल्या.